मालिश आणि दमसास: निरोगी माणसाच्या श्वासात नक्की काय बदलतं?

ओसरी (धागाकर्ता)
मालिश शिकवणाऱ्या वर्गांच्या जाहिरातींत हल्ली एक ओळ हमखास दिसते: 'फुप्फुसांची क्षमता वाढते.' दम्याचे, सीओपीडीचे (श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) रुग्ण बाजूला ठेवू, तो डॉक्टरांचा विषय. पण ज्याला काहीच आजार नाही अशा २५ ते ५० वयाच्या माणसाची पाठ, छाती, मान नीट चोळली तर श्वासात मोजता येईल असा फरक पडतो का? पडत असेल तर कशात? मोजायचं कसं? हात कुठे ठेवायचा आणि कुठे अजिबात नाही? 'अंग मोकळं होतं' इतपत सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्या पुढचं हवंय.

स्पायरोवाला
आधी 'क्षमता' या शब्दाचा घोळ निस्तरू. फुप्फुसात एकूण किती हवा मावते हे उंची, वय, लिंग आणि छातीच्या पिंजऱ्याची घडण यांवर ठरतं. पाऊण तास तेल चोळून उंची वाढत नाही, तशी हीदेखील वाढत नाही. बदलू शकतात त्या तीन गोष्टी: मिनिटाला किती श्वास होतात, एका श्वासात किती हवा जाते, आणि त्यासाठी कोणते स्नायू राबतात.

निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, एका वेळी सुमारे ५०० मिली. त्यातले साधारण १५० मिली नाक, घसा, श्वासनळ्या यांतच राहतात, रक्तापर्यंत पोचत नाहीत. म्हणून १५ श्वास गुणिले ५०० म्हणजे ७५०० मिली आत गेले तरी कामाला आले १५ गुणिले ३५०, म्हणजे ५२५०. तीच ७५०० मिली हवा १० श्वासांत घेतली तर प्रत्येकी ७५० होतात आणि कामाला येतात ६०००. मालिशीनंतर श्वास संथ आणि मोठा झाला तर हा हिशेब सुधारतो. अर्थात शरीर काही जास्तीची हवा साठवून ठेवत नाही. कार्बन डायऑक्साइड जागेवर राखण्यासाठी ते एकूण हवाच थोडी कमी घेतं. म्हणजे 'जास्त ऑक्सिजन मिळतो' हे चूक, 'त्याच कामाला कमी हवा हलवावी लागते' हे बरोबर.

आता यंत्राचं. स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात जोराने फुंकून हवा मोजायच्या चाचणीत, एकाच माणसाच्या सर्वांत चांगल्या दोन फुंकरींत १५० मिलीपर्यंत फरक चालतो, तो चाचणीचाच गुण. मालिशीआधी ३.८० लिटर आणि नंतर ३.९० आले म्हणून कुणी पेढे वाटू नयेत.

बारावी_बरगडी
स्पायरोवाल्यांना अनुमोदन. स्नायूंचं मी लिहिते.

शांत श्वासाचं बहुतेक काम श्वासपटल करतं. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमट छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक, खालच्या सहा बरगड्या आणि कमरेचे वरचे मणके यांना चिकटलेला असतो. शांत श्वासात तो एक-दोन सेंमी खाली सरकतो, खोल श्वासात त्याच्या कितीतरी पट. बाकी भार बरगड्यांमधल्या स्नायूंवर आणि मानेच्या बाजूच्या स्केलीन स्नायूंवर. हे स्केलीन पहिल्या दोन बरगड्या वर उचलून धरतात. त्यांना 'अडीअडचणीचे स्नायू' म्हणतात खरं, पण ते शांत श्वासातही थोडं काम करतच असतात.

बिघडतं कुठे? दिवसभर खुर्चीत पोक काढून बसलं की खालच्या बरगड्या पोटावर दबतात, छातीपुढचा पेक्टोरॅलिस मायनर आखडतो (तो तिसऱ्या ते पाचव्या बरगडीपासून खांद्याच्या फऱ्याच्या चोचीसारख्या टोकापर्यंत जातो) आणि श्वास वरवर, खांदे उचलून घेतला जातो. मालिशीने स्नायूंची ओढ सैलावते, बरगड्या बाजूला उघडायला वाव मिळतो. पण निरोगी माणसाला विश्रांतीत श्वासासाठी लागणारा ऑक्सिजन एकूण खर्चाच्या जेमतेम दोन-तीन टक्के असतो. त्यात थोडी बचत झाली तरी खिशात खुळखुळणार नाही. जाणवते ती सुटसुटीत हालचाल, आणि तिला किंमत आहेच. जाहिरातीत लिहिण्याजोगी नाही, इतकंच.

दुसरा मार्ग मज्जासंस्थेचा. संथ स्पर्शाने ताण उतरतो, नाडी थोडी मंदावते, श्वासही. त्वचेतले काही मज्जातंतू सेकंदाला १ ते १० सेंमी या वेगाच्या हलक्या स्पर्शालाच जास्त प्रतिसाद देतात. माकडहाडापासून मानेपर्यंत पाठ धरा अर्धा मीटर. हाताने ते अंतर १० सेकंदांत कापलं तर वेग ५ सेंमी पडतो. नवशिका तेच अंतर दोन सेकंदांत कापतो आणि विचारतो, समोरचा सैल का होत नाही.

खर्ज
गाणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. दमसास हा शब्द आम्ही ज्या अर्थाने वापरतो, त्यात साठा कमी आणि खर्च जास्त असतो. एका 'सा'वर कोण किती टिकतो हे घशातल्या पट्ट्या किती नीट मिटतात यावर फुप्फुसांइतकंच, कधी जास्तच अवलंबून आहे. हवा गळत असेल तर चार लिटरचा भाताही १२ सेकंदांत रिकामा. त्यामुळे मालिशीनंतर स्वर जास्त टिकला तर लगेच श्रेय बरगड्यांना देऊ नका, मान आणि जबडा सैलावल्याचाही तो परिणाम असू शकतो.

घरी करता येईल अशी एक चाचणी: खोल श्वास घेऊन सेकंदाला दोन या गतीने एका दमात आकडे मोजायचे. मेट्रोनोम १२० वर लावा. निरोगी प्रौढ साधारण ५० पर्यंत जातो.

स्पायरोवाला
@खर्ज, चाचणी चांगली, पण मराठीत एक गोची आहे. 'सात', 'आठ' अर्ध्या सेकंदात बसतात, 'एकोणचाळीस' आणि 'अठ्ठेचाळीस' बसत नाहीत. तीस आकड्यांच्या पुढे गती मोडते, दम पुरत असूनही माणूस थांबतो. त्यापेक्षा एक ते दहा पुन्हा पुन्हा म्हणायचं आणि दहा झाले की एक बोट मिटायचं. शिवाय ही चाचणी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आपोआप सुधारते. मालिशीआधी एकदाच घेतली आणि नंतर एकदा, तर सुधारणा सरावाची. आधी तीनदा घ्या, मधे दोन-दोन मिनिटं थांबा, सर्वांत चांगला आकडा धरा. नंतरही तसंच.

ओसरी
आणि श्वासाची गती? ती तर घड्याळ लावून मोजता येईल.

स्पायरोवाला
येईल, पण सांगून मोजलीत तर फसाल. 'आता तुमचे श्वास मोजते' म्हटलं की माणूस तिथेच वेगळा श्वास घेऊ लागतो. परिचारिकांना शिकवतात तसं करा: नाडी बघितल्यासारखं मनगट धरून ठेवायचं आणि नजर पोटावर किंवा अंगावरच्या चादरीच्या घडीवर. पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते, आणि तुम्ही शोधताय तो फरकच दोन-तीन श्वासांचा आहे. मधे मोठा उसासा आला तर बाजूला टिंब करून ठेवा. स्वस्थ माणूसही तासाला डझनभर उसासे नकळत घेतो, हवेच्या मिटलेल्या पुड्या उघडायला ते लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं: तुलना कशाशी? टेबलावर येण्याआधी माणूस जिना चढून, रिक्षावाल्याशी हुज्जत घालून आलेला असतो. तेव्हा १८ आणि मालिशीनंतर १३, यातले किती श्वास नुसत्या आडवं पडण्याने कमी झाले? म्हणून आधी १५ मिनिटं स्वस्थ पडू द्या, मग पहिली मोजणी. आणि वेगळ्या दिवशी, त्याच वेळी, तितकाच वेळ, हात न लावता नुसतं झोपवून मोजा. बहुतेक दावे इथेच गळतात. जे काही उरतं ते मालिशीचं.

बारावी_बरगडी
याच कारणाने संशोधनात खोटी मालिश ठेवावी लागते. ब्राझीलमध्ये २०१५ साली श्वासपटल सैल करण्याच्या पद्धतीची चाचणी झाली ती सीओपीडीच्या २० रुग्णांवर. एका गटाला खरी पद्धत, दुसऱ्या गटाच्या त्याच जागांवर नुसता हलका हात. सहा वेळा केल्यावर खऱ्या गटात श्वासपटलाची हालचाल वाढली. ही चाचणी दाखवून 'निरोगी लोकांनाही फायदा' असं सांगतात, ते पटत नाही. त्या रुग्णांचा घुमट चपटा झालेला असतो, सुधारायला जागा असते. निरोगी माणसाचं श्वासपटल आधीच पुरेसं हलतं.

पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे, म्हणून लिहिते. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या. माणूस उताणा, गुडघ्याखाली उशी, म्हणजे पोटाची भिंत सैल पडते. तुम्ही डोक्याच्या बाजूला उभे. दोन्ही तळहातांची करंगळीकडची कड आणि शेवटची तीन बोटं दोन्ही बाजूंना सातव्या ते दहाव्या बरगडीच्या कडेखाली टेकवा. तुमचे कोपर त्याच्या खांद्यांच्या रेषेत यावेत. तो श्वास घेताना बरगड्या वर-बाहेर जातात, त्यांच्यासोबत हात हलकेच डोक्याकडे आणि किंचित बाहेर ओढायचा. श्वास सोडताना बोटं कडेच्या आतल्या बाजूला जराशी खोल जाऊ द्यायची आणि तिथेच थांबायचं. पुढच्या श्वासाला ती जागा सोडायची नाही. दहा खोल श्वास, एक मिनिट विश्रांती, पुन्हा दहा.

चुका ठरलेल्या असतात. बोटांची टोकं खुपसली की पोट ताठरतं आणि सगळं वाया जातं, तिथे बोटांचा सपाट भाग हवा. मधोमध छातीच्या हाडाचं टोकदार कूर्चेचं टोक असतं, त्यावर दाब नको. उजवीकडे कडेखाली लगेच यकृत आहे, तिथे डावीकडच्यापेक्षा हात हलका. गर्भारपण, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया, पित्ताचे खडे, पोटातल्या महारोहिणीचा फुगवटा, हाडं ठिसूळ असणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: यांपैकी काही असेल तर हे करूच नका.

तेलाची_वाटी
एक भर. दाब नेहमी श्वास सोडताना. घेताना दाबलं तर समोरचा श्वास कोंडून धरतो आणि ते त्याच्याही लक्षात येत नाही. पाठीवर हात ठेवून दोन-तीन श्वास नुसते बघा, मग त्याच्या लयीत शिरा. हात गार असेल तर पहिल्याच स्पर्शाला श्वास अडकतो. तेल कोमट करा, पाठीला १० ते १५ मिली पुरतं. थंडीत खोबरेल थिजतं, तेव्हा तिळाचं बरं. टाल्कम पावडर मात्र नको, ती श्वासातून आत जाते. श्वासासाठी मालिश आणि तोंडावर पावडरीचा ढग, वा रे वा.

बरगड्यांच्या मधल्या फटींत बोटं फिरवताना छातीच्या हाडाकडून बगलेकडे जा. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला खोबण असते आणि त्यात नस, रक्तवाहिन्या. म्हणून बोट फटीच्या मधोमध ठेवा, वर खणू नका. गुदगुल्या होणाऱ्यांना आधी अख्खा तळवा टेकवा, मग एक-एक बोट. गुदगुल्यांनी अंग चोरलं की श्वास आणखी वर चढतो. बायकांच्या बाबतीत पुढून काम करण्याची गरजच नाही, कुशीवर झोपवून बगलेखालच्या बरगड्यांवर करा, टॉवेल घट्ट खोचून.

पाठीवर ओंजळीसारख्या हाताने थापटण्याबद्दल विचारतात. ज्याच्या श्वासनळ्यांत कफ साठलेला आहे त्याच्यासाठी ते तंत्र आहे. निरोगी माणसाच्या छातीत हलवायला काही नसतं. आवाज मात्र छान येतो.

लाल_माती
तालमीतल्या मालिशीचा उल्लेख अजून कुणीच केला नाही म्हणून. पैलवानाची मालिश जोर-बैठका, लढती झाल्यावर आखडलेल्या अंगासाठी असते, रगडून, अंगाचं वजन टाकून. तिचा उद्देश दम वाढवणं हा नाही. दम येतो मेहनतीने. कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत विचारा, तेल लावून कुणाचा दम वाढल्याचं वस्ताद सांगणार नाहीत. अंगाला सवय नसलेल्या, कार्यालयात बसणाऱ्या माणसाला ती रगड दिली तर बरगड्या दुखावतील आणि दोन दिवस तो उथळ श्वास घेईल. म्हणजे नेमकं उलट.

बारावी_बरगडी
लाखमोलाचं बोललात. ११वी आणि १२वी बरगडी पुढे कुठेच जोडलेली नसते, मागून तिथे कोपराने दाबणं हा शुद्ध अविचार. आत मूत्रपिंड आहे.

मानेबद्दल सावध करते, कारण 'श्वासासाठी स्केलीन सोडवा' असे व्हिडिओ फार फिरतात. पुढचा आणि मधला स्केलीन यांच्या फटीतून हाताकडे जाणारा नसांचा जुडगा आणि मोठी रोहिणी जाते. डोकं एका हातावर तोलून, किंचित फिरवून, मानेच्या बाजूला बोटांचे सपाट गाभे टेकवायचे, खाली गळपट्टीच्या हाडाच्या दिशेने, संत्र्याच्या पातळ सालीवर देऊ तितकाच दाब. बोटाखाली ठोका लागला की हात काढा. हाताला मुंग्या किंवा विजेचा झटका गेला तरी काढा. गळपट्टीच्या हाडामागच्या खळग्यात बोट घालू नका, फुप्फुसाचं टोक तिथपर्यंत आलेलं असतं.

आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीत, दोन्हीकडे, रोहिणी जिथे दुभंगते तिथे रक्तदाब मोजणारी जागा आहे. ती चोळली गेली तर नाडी एकदम मंदावते, माणूस बेशुद्ध पडू शकतो. वयस्क माणसांत धोका जास्त. दोन्ही बाजू एकाच वेळी तर कधीच नाही.

मनुका२
बाम लावून छाती चोळली की श्वास लगेच मोकळा होतो, हे तरी खरं ना?

स्पायरोवाला
मोकळा *वाटतो*. मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, मेंदूला वाटतं भरपूर हवा येतेय. नाकातला अडथळा मोजला तर तेवढाच निघतो. वाटणं काही वाईट नाही, पण मालिशीचा परिणाम तपासायचा असेल तर बिनवासाचं तेल घ्या, नाहीतर कशाने काय झालं कळणार नाही. उग्र वासाने काहींच्या श्वासनळ्या आवळतात, तेही ध्यानात ठेवा.

ओसरी
ऑक्सिमीटर लावून आधी-नंतर दाखवतात त्याचं काय? ९७ चे ९९ झाल्याचे फोटो टाकतात.

स्पायरोवाला
निरोगी माणसाचं प्रमाण आधीच ९६ ते ९९ असतं, वर जायला जागाच नाही. यंत्राची स्वतःची चूक अधिक-उणे दोनच्या आसपास. शिवाय मालिशीनंतर हात गरम झालेले असतात, बोटात रक्त चांगलं फिरतं, तेवढ्यानेही वाचन सुधारतं. त्या आधीचा ९७ बहुधा गार बोटाचा.

त्यापेक्षा टेप वापरा. शिंप्याची साधी टेप, दोन पातळ्यांवर: चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या फटीवर, आणि छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी. पूर्ण श्वास सोडून एक वाचन, पूर्ण घेऊन दुसरं, फरक लिहा. तीनदा. निरोगी तरुणात हा फरक पाचेक सेंमी किंवा जास्त असतो. अडीचच्या खाली असेल आणि सकाळी पाठ आखडत असेल तर मालिश सोडून डॉक्टरकडे पाठवा, मणक्यांच्या संधिवाताची ती एक खूण आहे.

तेलाची_वाटी
टेपवाल्यांनी तेल लावायच्या *आधी* पेनाने खुणा करून ठेवा आणि नंतर तेल पुसून मगच टेप गुंडाळा. तेलकट अंगावर टेप खाली घसरते आणि एक सेंमी फुकटचा मिळतो.

खर्ज
एक शंका. मालिश संपल्यावर 'आता खोल श्वास घ्या, अजून खोल' असं करून उठवतात. काहींना गरगरतं.

बारावी_बरगडी
गरगरणारच. लागोपाठ खोल श्वासांनी कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. लोकांना वाटतं 'ऊर्जा जागी झाली'. खोली सांगायची नाही, सावकाशपणा सांगायचा. सोडणं घेण्यापेक्षा लांब, बस. कुशीवर वळवून, एक मिनिट बसवून मग उभं करा, रक्तदाब उतरलेला असतो.

स्पायरोमेट्रीही हीच सावधगिरी मागते, आठाच्या वर फुंकरी घेऊ नयेत. आणि चाचणी बसूनच. आडवं झाल्यावर निरोगी माणसाचा आकडा थोडा घटतोच, म्हणजे आधी टेबलावर झोपवून आणि नंतर खुर्चीत बसवून मोजलं की 'वाढ' हमखास.

मनुका२
पालथं झोपून मालिश करताना नाक चोंदतं, त्याने श्वासाचा सगळा खेळ बिघडत नाही का?

तेलाची_वाटी
बिघडतो. चेहरा खाली असला की नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात. त्यात पोट टेबलावर दबलेलं, म्हणजे श्वासपटलाला खाली सरकायला अडचण. १५ मिनिटांच्या वर पालथं ठेवू नका. पोट सुटलेल्यांना मुळात पालथं घालूच नका. कुशीवर, पोटाशी उशी, वरचा हात दुसऱ्या उशीवर. वरच्या बाजूच्या बरगड्या अशा उघड्या मिळतात की पालथ्यापेक्षा काम चांगलं होतं. पाऊण तासाची बैठक असेल तर दोन्ही कुशी १५-१५ मिनिटं आणि शेवटचा पाव तास उताणं. चेहऱ्याच्या भोकात मान लटकत असेल तर घोट्यांखाली उशी सरकवून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने कंबर सैल पडते आणि मानही.

ओसरी
दोन्ही कुशींचा क्रम ठरलेला असतो का, की कुठूनही सुरू केलं तरी चालेल?

तेलाची_वाटी
कुठूनही. फक्त जेवून तीन तास झाले नसतील आणि छातीत जळजळायची सवय असेल तर डाव्या कुशीवर सुरू करा. उजव्या कुशीवर आंबट वर येतं, आणि मग तो श्वास कसला घेतोय, घोट गिळतोय.